क्ष-किरण तंत्रज्ञाचे शिक्षण : प्रवेशापूर्वी काय तपासावे?

बारावीचा निकाल लागला की पनवेल, कामोठे, कळंबोली आणि खारघर या पट्ट्यात 'एक्स-रे टेक्निशियन', 'रेडिओलॉजी असिस्टंट', 'सीटी-एमआरआय डिप्लोमा' अशा नावांच्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांतील काही अभ्यासक्रम सहा महिन्यांचे असतात, काही चार वर्षांचे, आणि दोहोंच्या शेवटी 'हमखास नोकरी' मिळेल असे सांगितले जाते. उरण, पेण, कर्जत, खालापूर या भागांतून पनवेलकडे शिक्षणासाठी पाहणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे तेच तीन प्रश्न पुनःपुन्हा पडतात : कोणते प्रमाणपत्र पुढे चालते, नोकरी कोठे मिळते आणि किरणांचा धोका कितपत आहे. या तीनही प्रश्नांची उत्तरे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी मिळवता येतात, आणि ती कशी मिळवावीत एवढाच या लेखाचा विषय आहे.

नावे सारखी, कामे वेगळी

'रेडिओ' या शब्दाने सुरू होणारी पदे अनेक असून त्यांची पात्रता एकमेकांना चालत नाही. म्हणून प्रथम आपल्याला नेमके कोणते काम करायचे आहे हे ठरवावे.

- रेडिओलॉजिस्ट हा एम.बी.बी.एस.नंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. चित्र पाहून निदानाचा अहवाल देणे व त्यावर सही करणे हा त्याचाच अधिकार आहे, तंत्रज्ञाचा नव्हे.
- रेडिओग्राफर किंवा क्ष-किरण तंत्रज्ञ हा एक्स-रे, सीटी स्कॅन, मॅमोग्राफी, एमआरआय अशा यंत्रांवर रुग्णाची चित्रे घेतो. या लेखाचा मुख्य विषय हेच पद आहे.
- किरणोपचार तंत्रज्ञ कर्करुग्णांना डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ यांनी आखून दिलेले किरणोपचार देतो. त्याचा अभ्यासक्रम स्वतंत्र असतो.
- न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ किरणोत्सारी औषधांच्या साहाय्याने होणाऱ्या तपासण्यांचे, उदाहरणार्थ पेट स्कॅनचे, काम करतो. विज्ञान पदवीधरांना या क्षेत्रात पदविकेद्वारे वळता येते.
- औद्योगिक रेडिओग्राफर पाइप, टाक्या आणि वेल्डिंगचे जोड किरणांनी तपासतो. तळोजा आणि पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहतींमुळे हे नाव पनवेलकरांच्या कानावर येते. मात्र त्यासाठी 'आर.टी.-१', 'आर.टी.-२' ही वेगळी प्रमाणपत्रे लागतात आणि रुग्णालयात ती उपयोगी पडत नाहीत.

सोनोग्राफीविषयी मोठा गैरसमज आढळतो. सोनोग्राफी शिकवण्याचे आश्वासन अनेक जाहिरातींत असते, परंतु भारतात गर्भवती स्त्रीची सोनोग्राफी करण्याचा अधिकार कायद्याने ठरवून दिलेली पात्रता असलेल्या डॉक्टरलाच आहे, कारण हे यंत्र गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातील पहिले राज्य ठरले आणि १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. त्याचा भंग झाल्यास केंद्राच्या मालकाबरोबर तेथे काम करणाऱ्या व्यक्तीलाही पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून 'सोनोग्राफी टेक्निशियन' बनवण्याचे आश्वासन देणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे.

प्रत्यक्ष काम कसे असते

बटण दाबणे म्हणजे एक्स-रे काढणे, ही समजूत छातीच्या एका साध्या एक्स-रेचे टप्पे पाहिले तरी दूर होते. तंत्रज्ञ रुग्णाचे नाव आणि वय चिठ्ठीशी ताडून पाहतो, स्त्री रुग्ण असल्यास गर्भधारणेची शक्यता विचारून घेतो, गळ्यातील साखळी, ताईत किंवा मंगळसूत्र काढून ठेवावयास सांगतो आणि रुग्णाला छाती समोरच्या पाटीला टेकवून उभे करतो. किरणांची नळी मागे सुमारे १८० सेंटिमीटर अंतरावर असते. हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे वळवलेले अशी स्थिती दिली जाते, कारण खांदे पुढे आले की पाठीची फावड्यासारखी हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. उजव्या-डाव्या बाजूची खूण लावली जाते, 'श्वास पूर्ण घ्या, रोखून धरा' अशी सूचना दिली जाते आणि त्यानंतरच किरणे सोडली जातात. श्वास अर्धवट घेतला गेला तर फुप्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो, आणि खाटेवरच्या अत्यवस्थ रुग्णाचा एक्स-रे समोरून घ्यावा लागला तर हृदय आहे त्याहून मोठे दिसते. खूण चुकीच्या बाजूला लागली तर पुढची सगळी साखळीच चुकीची ठरू शकते.

आता अनेक केंद्रांतील चित्रे संगणकावरून दूरच्या डॉक्टरकडे अहवालासाठी जातात. अहवाल देणारा रुग्णासमोर नसल्यामुळे रुग्णाजवळ उभ्या असलेल्या तंत्रज्ञाची जबाबदारी उलट वाढलेली आहे. दिवसभर उभे राहणे, अपघातग्रस्त रुग्णाला उचलणे, रात्रपाळी करणे आणि घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी या क्षेत्राचा पुन्हा विचार करावा.

शिक्षणाचे पर्याय

१. पदवी. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा 'बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी', म्हणजे बी.पी.एम.टी., हा अभ्यासक्रम विज्ञान शाखेतून जीवशास्त्रासह बारावी झालेल्यांसाठी असून त्यात तीन वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयातील देखरेखीखालील सराव, यांचा समावेश असतो. तो वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेला असल्यामुळे विद्यार्थ्याला मोठ्या रुग्णालयाचा विभाग पाहावयास मिळतो. पनवेलच्या अगदी जवळ, कामोठे येथे, एम.जी.एम. आरोग्य विज्ञान संस्था या २००६ मध्ये अभिमत दर्जा मिळालेल्या विद्यापीठात वैद्यकीय रेडिओलॉजी व इमेजिंग तंत्रज्ञानाची बी.एस्सी. पदवी शिकवली जाते. अभिमत विद्यापीठ म्हणजे स्वतःच्या नावाने पदवी देण्याची मुभा केंद्र सरकारने दिलेली संस्था. तिची प्रवेशप्रक्रिया आणि शुल्करचना राज्य विद्यापीठाहून वेगळी असते.

२. पदविका. दोन वर्षांची पदविका हा कमी काळात कमावते होण्याचा मार्ग आहे. मात्र ती कोणते विद्यापीठ किंवा शासनमान्य मंडळ देते, यावर तिचे मोल अवलंबून असते.

३. प्रमाणपत्र अभ्यासक्रम. राज्याच्या कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळाच्या चौकटीतील अभ्यासक्रमांमुळे मदतनीस किंवा सहायक म्हणून काम मिळू शकते, परंतु सरकारी भरतीतील तंत्रज्ञपदाची अट त्यांनी पूर्ण होईलच असे नाही.

४. पदवीनंतरचे विशेषीकरण. पदवीनंतर एम.एस्सी., किंवा सीटी, एमआरआय, हृदयविकारासाठीची कॅथलॅब अशा शाखांतील प्रगत प्रशिक्षण घेता येते.

ज्यांच्या घरची परिस्थिती चार वर्षे थांबण्याइतकी आहे त्यांनी पदवीलाच प्राधान्य द्यावे. ज्यांना दोन वर्षांत उत्पन्न सुरू करणे भाग आहे त्यांनी मान्यताप्राप्त पदविका घ्यावी, मात्र पुढे पदवीसाठी थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो का हे प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावे.

मान्यता म्हणजे काय आणि ती कशी तपासावी

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ या कायद्याने रेडिओलॉजी, इमेजिंग आणि किरणोपचार तंत्रज्ञान यांना मान्यताप्राप्त व्यवसायगटाचे स्थान दिले. कायद्याच्या व्याख्येनुसार 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' होण्यासाठीची पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची व दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी लागते, तर 'आरोग्यसेवा व्यावसायिक' होण्यासाठी किमान ३,६०० तासांची पदवी आवश्यक असते. ही संख्या जाहिरातीवर ताडून पाहणे सोपे आहे. सहा महिने, आठवड्यातील सहा दिवस, रोज तीन तास असा वर्ग धरला तर २६ आठवड्यांत ४६८ तास होतात, म्हणजे किमान अटीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

महाराष्ट्रात याशिवाय महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ अन्वये व्यावसायिकांच्या नोंदणीची व्यवस्था करण्यात आली आहे. प्रवेश घेण्यापूर्वी खालील प्रश्न संस्थेला लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखी घ्यावे :

1. अंतिम प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे किंवा मंडळाचे नाव असेल, आणि त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या यादीत ही संस्था आहे काय?
2. या प्रमाणपत्रावर परिषदेकडे नोंदणी होते काय, आणि मागील तुकडीतील विद्यार्थ्यांची ती झाली आहे काय?
3. प्रत्यक्ष सराव कोणत्या रुग्णालयात होतो, तेथे किती खाटा आहेत आणि कोणती यंत्रे आहेत?
4. एकूण तासांपैकी किती तास विद्यार्थी यंत्रासमोर असतो, आणि त्याची नोंदवही ठेवली जाते काय?
5. सरावाच्या काळात विद्यार्थ्याला किरणोत्सर्ग मोजणारा बॅज दिला जातो काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून थांबू नये, त्या रुग्णालयात जाऊन पाहावे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आलेले आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे, त्यामुळे 'घरबसल्या रेडिओलॉजी' ही जाहिरात पाहताच तो पर्याय बाजूला ठेवावा.

शुल्क आणि सवलती

राखीव प्रवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे व शुल्कप्रतिपूर्तीचे अर्ज 'महाडीबीटी' या शासकीय संकेतस्थळावरून भरले जातात. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात आणि परीक्षाशुल्कात १०० टक्के सवलत आहे. परंतु ती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी असून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे तिच्या बाहेर ठेवलेली आहेत. म्हणून घराजवळची संस्था आणि लांबची शासकीय संस्था यांची तुलना करताना केवळ प्रवासखर्च न पाहता सवलतीनंतर उरणारे चार वर्षांचे एकूण शुल्क कागदावर मांडावे. जात, उत्पन्न आणि अधिवास यांचे दाखले निकालापूर्वीच तहसील कार्यालयातून काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

नोकरी कोठे मिळते

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली, आणि तिच्या आगेमागे या भागाची लोकवस्ती व रुग्णालये दोन्ही वाढत गेली. शहरातील उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, खारघर आणि बेलापूर येथील खासगी रुग्णालये आणि अनेक लहान निदानकेंद्रे हार्बर मार्गावरच्या थोड्या प्रवासात गाठता येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होत असल्यामुळे अपघातग्रस्तांचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन ही येथील रुग्णालयांची रोजची गरज आहे. खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरचे 'ॲक्ट्रेक' हे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र असून तेथे प्रोटॉन किरणांच्या उपचारांचीही सुविधा आहे, त्यामुळे किरणोपचार आणि न्यूक्लिअर मेडिसिन या शाखांकडे वळणाऱ्यांना देशातील अग्रगण्य संस्थांपैकी एक घरापासून काही किलोमीटरवर आहे.

- राज्य शासन व महापालिका : आरोग्य विभागाच्या भरतीत 'क्ष-किरण तंत्रज्ञ', 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी' अशा नावांची पदे असतात. जाहिरातीतील शैक्षणिक अर्हतेचा शब्दन् शब्द आपल्या प्रमाणपत्राशी जुळतो का हे पाहावे.
- रेल्वे : रेल्वे भरती मंडळाच्या परावैद्यक भरतीत 'रेडिओग्राफर' हे पद सातव्या वेतन आयोगाच्या पाचव्या स्तरावर असून सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा २९,२०० रुपये आहे. पात्रतेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासह बारावी आणि दोन वर्षांची पदविका मागितली जाते, त्यामुळे एका वर्षाचे प्रमाणपत्र असलेला उमेदवार येथे अर्जाच्या पातळीवरच बाद होतो.
- खासगी क्षेत्र : येथे प्रवेश लवकर मिळतो, परंतु आरंभीचे वेतन सरकारी वेतनाहून बरेचदा कमी असते. पहिली नोकरी निवडताना चार पैसे अधिक देणाऱ्या एका यंत्राच्या केंद्रापेक्षा एक्स-रे, सीटी आणि एमआरआय तीनही असलेल्या रुग्णालयाला झुकते माप द्यावे.
- परदेश : आखाती देशांत कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी, परवाना परीक्षा आणि अनुभव लागतो, तर ब्रिटनमध्ये आरोग्य व्यवसाय परिषदेची नोंदणी आणि इंग्रजीची परीक्षा आवश्यक असते. अल्पमुदतीची प्रमाणपत्रे या पडताळणीत टिकत नाहीत.

धोका किती आणि हक्क कोणते

क्ष-किरणांच्या कामात धोका नाही असे म्हणणे चूक आहे, आणि या कामाने हमखास आजार जडतो असे म्हणणेही तितकेच चूक आहे. धोका मोजता येतो आणि म्हणूनच त्याला मर्यादा घालता येते. १९८३ मध्ये स्थापन झालेले, मुंबईतील अणुशक्तीनगर येथे मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, ही मर्यादा ठरवते. शरीरावर होणारा किरणांचा परिणाम 'मिलिसिव्हर्ट' या एककात मोजला जातो. प्रौढ कर्मचाऱ्यासाठी सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीला किरणोत्सर्गाच्या कामावर नेमता येत नाही.

कर्मचाऱ्याला मिळणारी मात्रा 'टीएलडी बॅज' या लहान पट्टीतून मोजली जाते. तो छातीच्या उंचीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावावा, दुसऱ्याला देऊ नये आणि काम संपल्यावर एक्स-रेच्या खोलीत टांगून ठेवू नये, कारण तसे केल्यास नोंद खोलीची होते, माणसाची होत नाही. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या २००४ च्या नियमांच्या आधारे कर्मचाऱ्याला पुढील गोष्टी मागता येतात :

- स्वतःच्या नावाचा बॅज, शिशाचा एप्रन आणि संरक्षक आडोसा;
- नेमणुकीच्या वेळी वैद्यकीय तपासणी;
- आपल्या मात्रेची नोंद, मागितल्यावर आणि नोकरी सोडताना;
- गर्भवती असल्याचे कळवल्यानंतर कामाची अशी फेरआखणी, की गर्भाला उर्वरित काळात १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळणार नाही.

प्रत्येक एक्स-रे यंत्राची मंडळाकडे 'ई-लोरा' या प्रणालीतून नोंद करून परवाना घ्यावा लागतो. मुलाखतीच्या वेळी यंत्राचा परवाना आणि बॅजची व्यवस्था यांविषयी विचारणे हा उद्धटपणा ठरत नाही. या प्रश्नावर टाळाटाळ करणाऱ्या केंद्रात रुजू होऊ नये.

एमआरआयमध्ये क्ष-किरणे नसतात, परंतु तेथील चुंबक सतत चालू असतो, आणि हे विसरणे जिवावर बेतते. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर यंत्राकडे खेचले गेले आणि दोन कर्मचारी जवळपास चार तास अडकून पडले, तर जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात तशाच प्रकारात रुग्णाच्या एका नातेवाइकाचा मृत्यू झाला. दाराशी प्रत्येकाची तपासणी करणे आणि घाईत असलेल्या वरिष्ठालाही थांबवणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्यच आहे.

नेहमी फसगत होते त्या जागा

- '१०० टक्के नोकरी'चे आश्वासन. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या पदावर, किती वेतनावर हे लेखी नसेल तर त्या आश्वासनाला किंमत नाही.
- संपूर्ण शुल्क एकरकमी. सत्रनिहाय हप्ते आणि परतफेडीचे नियम पावतीसह मागावेत.
- मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवणे. पडताळणीनंतर ती परत घ्यावीत व मालकाकडे साक्षांकित प्रतीच द्याव्यात.
- अखंड 'ट्रेनी'पण. प्रशिक्षणाचा काळ, विद्यावेतन आणि नंतरचे वेतन नियुक्तिपत्रात लिहून घ्यावे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे.
- दुसऱ्याच्या नावावर काम. पात्र तंत्रज्ञाची नोंद कागदावर आणि यंत्रावर मात्र अननुभवी मुलगा, अशी व्यवस्था आढळल्यास आपले नाव त्यात गुंतवू देऊ नये.

निर्णय घेण्यापूर्वी

प्रवेशाची अंतिम तारीख जवळ आली की घाई होते आणि वरील प्रश्न मागे पडतात. म्हणून निकालाच्या आधीच्या मोकळ्या आठवड्यांत आपण दोन कामे उरकावीत : एखाद्या कार्यरत तंत्रज्ञाला भेटून त्याच्या अभ्यासक्रमाविषयी विचारावे आणि संबंधित विद्यापीठाच्या यादीत संस्थेचे नाव स्वतः शोधावे. अभ्यासक्रमाच्या भारदस्त नावापेक्षा त्यामागील मान्यता आणि यंत्रासमोर मिळणारे तास महत्त्वाचे असतात. या दोन्ही गोष्टी कागदावर दाखवू न शकणाऱ्या संस्थेत, तिचे शुल्क कितीही कमी असो, प्रवेश घेऊ नये.